राणीसाहेबांचं सहावं बोट

जावयाचा तोरा काय सांगावा! अधिक महिन्यात सासूकडून ताटात पाय धुऊन घ्यायचे आणि एरवी बागेच्या पुलावर पाहुण्यांना इतिहासाच्या थापा मारायच्या.

"हे राणीसाहेबांचं पाऊल! पूल बांधताना ओल्या सिमेंटात उमटलं. सहावं बोट बघा, राजघराण्याचीच खूण!" आजही तो ऐटीत सांगत होता. लोक वाकून नमस्कार करत होते.

मागं उभ्या त्याच्या सासूला, गऊबाईला राहवेना. या पुलासाठी तिनं डोक्यावर घमेली वाहिली होती आणि याच ठशापायी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तिनं चप्पल काढून ठशात पाऊल ठेवलं. सहाही बोटं बरोब्बर बसली. टाळ्या पडल्या, जावयाचा चेहरा पडला.

गऊबाई हसली. "सापडली बघा तुमची राणी, जावईबापू! येत्या अधिकात ताटात पाय मी ठेवणार. पाणी तुम्ही घालायचं."