पहिलं बोंड

"घे ना वं, लाव हात. कायले थांबली?" गोजराबाई सुनेला म्हणाली.

विजयमालेनं हात पुढे केला आणि वावरातल्या कापसाच्या बोंडापाशी नेऊन थांबवला. पाच दगडांच्या देवांना हळदकुंकू वाहून झालं होतं, दहीभात शिंपडून झाला होता, आणि आसेगावच्या दहा-बारा बाया कमरेला ओटी बांधून तिच्याकडे बघत होत्या. पहिलं बोंड घरच्या सुनेनं वेचायचं, मगच बाकीच्यांनी हात लावायचा, ही त्या घरची रीत. त्यातून बहात्तरच्या दुष्काळानंतरचं हे पहिलंच धड पीक. सुनेनं हात आखडला तर लक्ष्मीनं पाठ फिरवली असं बोलायला बाया मोकळ्या, आणि अशा सुनेला माहेरी पोचवायला कितीसा वेळ लागतो!

बोंड छान फुटलं होतं. पण विजयमालेला कापसाची भीती वाटायची. ऐकून कोणालाही हसू येईल. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बोटांत धरला की कापूस जो करकरतो, ते तिच्या दातांतून थेट टाळूत जायचं. घशात कोणी बोळा कोंबतंय असं वाटायचं. लग्नाला सहा महिने झाले. घरात वाती वळायला घेतल्या की तिला नेमकं दळण आठवायचं.

"भूत पाह्यलं काय वं?" चुलतसासू सोजरबाई म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

"मले नाही जमत, आत्याबाई."

"वाघ हाये काय तो? कापूस हाये!" गोजराबाईनं तिचं मनगट धरलं आणि मूठ बोंडावर दाबली.

कापूस करकरला. विजयमाला किंचाळली आणि हात सोडवून पळत सुटली. कुठं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. चारी बाजूंना पांढरंच पांढरं. फक्त विहिरीपाशी तेवढा कापूस नव्हता. ती तिथं जाऊन थांबली, अगदी काठावर. विहिरीला कठडा नव्हता. टाचेखालचं ढेकूळ निसटलं आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात वाजलं.

मागून गोजराबाई धावत आली आणि दहा हातांवर एकदम थबकली.

"मागं सर, विजा. मागं सर वं."

"तुमी मले आता माहेरी धाडसान."

"नाही धाडत. इकडं ये, माये."

"पाय सरकून राह्यला माहा. हात द्या मले."

गोजराबाईनं पाऊल उचललं. ते पुढे पडेना. ती मटकन खाली बसली, दोन्ही मुठींत गवत घट्ट धरून. विहिरीच्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं. सोजरबाईपासून गड्यांपर्यंत सगळे म्हणायचे, गोजराबाईला मालकीणपणाची मिजास आहे, कधी स्वतः घागर शेंदत नाही.

विजयमाला बघत राहिली. ते कोरडे पडलेले ओठ, तो अडलेला श्वास तिच्या चांगलाच ओळखीचा होता. तिला सासूची फार दया आली.

"तुमी तिथंच बसा, आत्याबाई," ती म्हणाली. "मीच येते."

ती हळूच गुडघ्यांवर बसली आणि काठापासून रांगत सासूजवळ आली. दोघी धापा टाकत होत्या.

"काहून वाटते तुले भेव कापसाचं?" गोजराबाईनं विचारलं.

"ठाऊक नाही. तुमाले विहिरीचं काहून वाटते?"

गोजराबाईनं मुठींतलं गवत सोडून दिलं.

वावरातून सोजरबाईची हाक आली, "वेचलं काय वं सुनेनं बोंड? आमी कवाच्या उभ्या हावो!"

गोजराबाई उठली. हाताशी आलेल्या झाडाचं एक बोंड तिनं ओढून काढलं, मुठीत लपवलं आणि ओरडली, "वेचलं! लागा कामाले!"

बायांना प्यायला पाणी लागणार होतं. विजयमालेनं कोणी न सांगता रिकामी घागर उचलली, दोर घेतला आणि परत विहिरीकडे गेली.

गोजराबाईनं तिकडे पाठ केली. घागर पाण्यावर आपटली, भरली, वर येऊ लागली. काठावर टेकल्याचा आवाज होईपर्यंत गोजराबाईनं डोळे उघडले नाहीत, की मुठीतला कापूसही सोडला नाही.