गाडीच्या जागेतली मॅट

जावयाने रिमोट दाबला. शटर घरघरत वर गेलं. मॅट जिथल्या तिथे होती.

तो गाडीतून खाली उतरला. गॅरेज दोन गाड्यांचं होतं. डावीकडे सासऱ्यांची जुनी गाडी कव्हराखाली, उजवीकडे त्याच्या गाडीची जागा आणि त्या जागेच्या ऐन मध्यावर ही गोल्फचा सराव करायची मॅट. वर हिरवं खोटं गवत, खाली जाडजूड रबर. चाक गेलं की गवत कायमचं बसतं, असं सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी उतरायचं, ती भिंतीपर्यंत ओढायची आणि मग गाडी आत घ्यायची. सकाळी तो कामावर गेला की सासरे ती पुन्हा मध्ये आणून ठेवत. सत्तरी ओलांडलेल्या माणसात एवढा जोर कुठून येत होता, देव जाणे.

"बाबा, ही भिंतीशी उभी ठेवली तर?" त्याने एकदा विचारलं होतं.

"वाकते."

"गुंडाळून?"

"तडे जातात."

"मग तुमच्या गाडीखाली सरकवू?"

"तेल गळतं तिचं."

ती गाडी चालताना बायकोनेसुद्धा जन्मात पाहिली नव्हती. तिच्यातून कुठलं तेल गळणार? पण सासऱ्यांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. कोपऱ्यात गोल्फची एकुलती एक काठी टेकून ठेवलेली असे, तिच्या मुठीवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. म्हाताऱ्याचे शौक, दुसरं काय.

चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना विचारायचं, खालची ओळ दिसते का, आता दिसते का. दुकानातले त्याला घरजावई म्हणून चिडवत आणि तो हसून सोडून देई. सासू गेल्यावर सासरे एकटे पडले होते. बायकोला दुसरं भावंड नव्हतं. एक भाऊ होता, तो तिच्या जन्माआधीच तापाने गेलेला. मग हे दोघं तान्ह्या मुलीला घेऊन इथे राहायला आले. तेव्हा गंजलेलं शटर हाताने उचलायला रोज खाली उतरावं लागे. दोन महिन्यांपूर्वी जावयाने हौसेने त्याला मोटर आणि रिमोट बसवला. सासरे "छान" म्हणाले. त्याच आठवड्यात ही मॅट घरी आली.

जावयाला ते लागलं. आपण एक सोय करावी आणि यांनी त्यातच मोडता घालावा. राग मात्र फार दिवस टिकला नाही. नंतर नंतर त्याला त्या घरात कशाचंच काही वाटेनासं झालं. जेवायचं, झोपायचं, मॅट ओढायची.

"त्यांचा एवढाच तर हट्ट आहे," बायको म्हणाली. "जरा उतरलास तर झिजणार आहेस का?"

"प्रश्न उतरण्याचा नाही. या घरात मला गाडीपुरतीही जागा नाही." तो अगदी सपाट आवाजात बोलला. "आता मीच ती मॅट कायमची हलवतो. त्यांना चालणार नसेल तर आपण भाड्याचं घर बघू."

मुलगी उठून दाराकडे निघाली होती, तिला धरायला बायको धावली. लाडाने ढब्बू म्हणत मुलीला. नुकतीच चालायला लागली होती आणि दार उघडं दिसलं की निघायची. दमली की असेल तिथे फतकल मारायची.

रविवारी सासरे दुपारचे झोपलेले असताना जावयाने भिंतीत दोन दणकट हुक ठोकले आणि मॅट वर टांगली. चांगली उंच, सासऱ्यांचा हात पोचणार नाही अशी. ती ना वाकली, ना तिला तडा गेला. संध्याकाळी सासऱ्यांनी ती पाहिली. बराच वेळ पाहिली.

"चालेल ना, बाबा?"

"तुमची गाडी, तुमची जागा," ते म्हणाले आणि आत गेले.

सोमवारी घरी येताना जावयाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. गल्लीतून वळताना त्याने रिमोट दाबला. बाहेर अजून ऊन होतं, गॅरेजमध्ये अंधार. शटर पूर्ण वर गेलं आणि त्याने न थांबता गाडी आत घेतली.

बॉनेटच्या पलीकडे काहीतरी पांढरं हललं. त्याने ब्रेकवर पाय दाबला.

दार उघडं टाकून तो खाली उतरला. मॅटच्या जागी सासरे मांडी घालून बसले होते. बंपर त्यांच्यापासून हातभर लांब होता.

"बाबा, अहो, हे काय? तुम्ही दिसलाच नाहीत मला."

"नाही दिसत," सासरे म्हणाले. "खाली बसलेलं माणूस गाडीतून दिसत नाही. हात द्या जरा."

जावयाने त्यांना उठवलं. त्यांचा हात थंडगार होता. आतल्या दारामागून ढब्बूचा आवाज येत होता, ती दारावर थापा मारत होती. त्या दाराला सासऱ्यांनी बाहेरून कडी घातलेली होती.

"मॅट खाली काढतो मी," जावई म्हणाला. "खेळा तुम्ही रोज. पण असं काही करू नका."

"मला गोल्फ येत नाही."

"मग आणलीत कशाला?"

"शटर आपोआप उघडायला लागलं. म्हटलं, आता कोण उतरणार." सासऱ्यांनी पँटची धूळ झटकली. "खेळाच्या दुकानात गेलो. म्हटलं, खाली उतरून हलवल्याशिवाय गाडी पुढे नेता येणार नाही असं काहीतरी जड द्या."

ते कव्हर घातलेल्या गाडीकडे पाहत होते.

"तुमच्या बायकोला कधी सांगू नका," ते म्हणाले. "तिचा भाऊ तापाने गेला नाही."