सासूबाईंची लुगडी

“आपल्या प्रमिलाच्या बाळाला विकतचं दुपटं नको हं, मंदा. माझी लुगडी मऊ झालीत, त्यांचंच शिव.” शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी सांगितलं होतं आणि मंदाकिनीने देवापुढे शब्द दिला होता.

आता लेकीला नववा महिना लागला, आणि कपाट उघडून बघते तर लुगडी नाहीत!

“सकाळी बोहारणीला दिली,” धाकटी जाऊ कोरं पातेलं मिरवत म्हणाली. “जुनेरंच तर होती! बघा ताई, कसं जाडजूड आलंय.”

“मला विचारायचं तरी!”

“तुमचं सोमवारचं मौन होतं ना? म्हटलं, कशाला व्रत मोडायला लावा!”

मंदाकिनीच्या अंगाची लाही लाही झाली. पंचवीस वर्षांत कधी आवाज न चढवलेली ती कडाडली, “तुझी दोन्ही पोरं सासूबाईंच्या लुगड्यांच्या दुपट्यांत वाढली, आणि माझ्या नातवंडाच्या वाट्याची तू पातेल्यावर घालवलीस?”

तिने जावेच्या हातातून पातेलं काढून घेतलं. नुसत्या पातेल्यावर बोहारीण ऐकायची नाही, म्हणून आपला लग्नातला शालू त्यात ठेवला, आणि उपास न सोडताच ती बोहारणींच्या वस्तीकडे निघाली.