चिलखती माशाचा ठावठिकाणा

जाळे पुन्हा रिकामे वर आले. संशोधक बाईंनी त्यातला पाला झटकला, वहीत शून्य लिहिले आणि काठावर बसलेल्या बाटलीकाकांकडे पाहिले.

काकांचे आयुष्य प्राणिशास्त्र संग्रहालयात नमुन्यांच्या बाटल्या सांभाळण्यात गेले होते, म्हणून हे नाव पडले. चाळीस वर्षांपूर्वी या ओढ्यातला चिलखती मासा त्यांनीच पहिल्यांदा आणला, असे ग्रंथात छापले होते. त्या कष्टांच्या गौरवार्थ माशाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव गुंफण्यात आले. पुढे तो मासा इथे कोणालाच दिसला नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या सांडपाण्याने तो संपला असावा, असा संशय धरून ओढ्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीने दोन वर्षांपूर्वी त्यांचे रंगाचे हौद बंद करवले. आज शोधाचा शेवटचा दिवस होता. मासा मिळाला नाही, तर त्याचा नाश रंगाऱ्यांच्या माथी लिहिला जाणार होता आणि हौद कायमचे बंद होणार होते.

"काका, तुम्ही कोणत्या दगडाखाली पकडलात, तेवढं दाखवा," बाई म्हणाल्या. "नर कपारीत अंडी राखत बसतो, जागा सहसा सोडत नाही. एखादी जोडी उरली असेल तर तिथेच असेल."

काकांनी काठीने एक दगड दाखवला. मग दुसरा. मग काठी खाली ठेवली.

"मला एक कळत नाही," काठावर उभी असलेली रंगाऱ्यांची सून म्हणाली. "अंगावर हाडांच्या पट्ट्या. पाणी बिघडलं की वर येऊन हवा गिळणार, आतड्यानं श्वास घेणार. ओल्या फडक्यात गुंडाळला तरी तासन्‌तास जगणार. असला पठ्ठ्या आमच्या चार हौदांनी मेला? इतक्या चिवट तर आमच्या सासूबाईपण नव्हत्या!"

"मोठा मासा तगतो हो," बाई हळूच म्हणाल्या. "अंडी तगत नाहीत."

काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओल्या फडक्याची हकीकत त्यांचीच होती. मासा उराशी धरून तीन कोस डोंगर उतरल्याचे त्यांनी सत्काराच्या भाषणात सांगितले होते, आणि सभागृह बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले होते.

सुनेचे सासरे, थोरले रंगारी, गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांच्या नखांतली निळाई केव्हाच निघून गेली होती. त्यांनी काकांचा हात धरला आणि एकेका दगडावर पाय ठेवायला लावत त्यांना ओढ्याच्या मध्यापर्यंत आणले.

"जपून, साहेब. शेवाळ आहे." मग बाईंना ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, "सुनेचं मनावर घेऊ नका. तिची जीभ तिखट आहे, मन नाही. तुमचं नाव लावलेला जीव होता तो. आम्हाला ठाऊक असतं, तर थेंबभर रंग सोडला नसता. चूक आमच्याकडून झाली. माफ करा."

त्यांनी मान खाली घातली. काकांना त्या वाकलेल्या मानेकडे बघवेना. धरणीने पोटात घ्यावे असे वाटायलाही पायांखाली धरणी नव्हती. निसरडा दगड होता, आणि तोल सावरणारा हात याच माणसाचा होता.

"ताई," काका काठाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "वही उघडा."

बाईंनी घाईघाईने पेन काढले. "सापडला दगड?"

"लिहा. तो मासा मी स्टेशनाजवळच्या दुकानातून, काचेच्या टाकीतून उचलला होता. डोंगर चढायचा कंटाळा आला होता, म्हणून." त्यांनी रंगाऱ्यांचा हात घट्ट धरला. "या ओढ्यावर मी आज पहिल्यांदाच आलो आहे."