चंद्राबाईची फुलं

“ही हळद ना गं?” भागोजी तांडेलानं वाकून विचारलं.

“कसली हळद, बा! आयचा भुईचाफा हाय ह्यो.” मैनेनं कपाळावर हात मारला. “चैतात याचं फूल बघावं. पान न्हाय, काय न्हाय, एकदम भुईतनंच वर.”

“चैतात मी कुठला घरी!”

खरंच होतं ते. आगबोटींचा काळ आला तरी तांडेलाचा उभा जन्म शिडाच्या गलबतावर गेला. नारळी पुनवेनंतर मलबारकडं निघायचा, तो पाऊस तोंडावर आला की परत. सुपारीची वाडी राखली ती बायकोनं, चंद्राबाईनं. तिला जाऊन वर्ष होत आलं, आणि तिनं हातानं लावलेलं कुठलं, आपसूक उगवलेलं कुठलं, हे काही म्हाताऱ्याला उमजेना. म्हणून वर्षभर त्यानं वाडीत कुणाला विळाच लावू दिला नाही; यंदा गलबतावर जातानाही तशी ताकीद देऊन गेला. सगळं ढोपरभर माजलं. सारं नागाव हसलं. हसू दे, म्हणाला. पण परवा वाडीत विषारी फुरसं निघालं. फुरशापुढं कुणाचा हट्ट चालतो? उद्या वाडी बेणायला, तण उपटायला बाया येणार होत्या. त्याआधी त्यानं लेकीला माणगावाहून बोलावून घेतलं. ती दाखवील ते ठेवायचं, बाकी साफ.

मैना पुढं, म्हातारा मागं. ती ओळखायची, तो शेजारी काठी रोवायचा. हा सोनटक्का, न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेला. ही अबोली, दिवाळीला आईच्या अंबाड्यात हीच असायची. हा गुलबास, दिवस कलल्याशिवाय उघडायचा नाही. दर काठीला तांडेल नुसता “व्हय का?” म्हणत होता. एवढ्या वर्षांचा संसार, आणि बायकोच्या डोक्यातलं फूल कुठलं ते आज कळत होतं. फार वाईट वाटलं त्याला.

विहिरीपाशी मात्र तो लेकीच्या पुढं झाला. तिथं ओलसर सावलीत जांभळ्या फुलांचा ताटवा होता.

“ह्ये मला ठाव हाय,” तो ऐटीत म्हणाला आणि विचारायच्या आधीच काठी रोवून मोकळा झाला. “मी घरी आलो की फुलायचं ह्ये. माझ्यासाठीच लावलं असंल तिनं. रोज सांजचा हितं बसतो, मैने. चार गोष्टी करतो तिच्याशी.”

मैना फुलांकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. हसते की रडते, कळेना.

“काय झालं गं?”

“बा, ह्ये आयनं न्हाय लावलेलं. रान हाय ह्ये. याला नावबी न्हाय. मुळाशी गाठी ऱ्हात्यात, किती उपटलं तरी पावसात पुन्ना हजर. आय नुसती शिव्या घालायची. ‘आलास काय मेल्या परत! तुझीच वाट बघत हुते!’”

 तांडेलाचा काठीवरचा हात तसाच राहिला.

“असंच म्हनायची?”

“असंच. काढू का ती काठी?”

“गलबतावरनं उतरून दारात आलो की मलाबी ह्येच म्हनायची,” म्हातारा म्हणाला, आणि त्यानं काठी आणखी खोल रोवली.