धडधडीचा भाव

नव्या कारखान्यात वेल्डिंगची चाचणी उत्तम झाली. मुलाखतीत सुलभा ढमढेरेच्या मनगटाला नाडी मोजणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधला होता. पडद्यावर पगार दिसला, आताच्या दीडपट. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"सुलभा, माझी नोकरी गेली गं."

तिची छाती धडधडली आणि पडद्यावरचा आकडा भराभर उतरत आताच्या पगाराच्याही खाली गेला.

"साहेब, हे काय?"

"तुमची गरज वाढली, मॅडम. आता तुम्ही एवढ्यावरही याल, असं यंत्र म्हणतंय."

"मग राहू द्या. जुनी नोकरी आहे माझी."

दुसऱ्या दिवशी जुन्या कारखान्यात सुपरवायझरने तिच्यापुढे कमी पगाराचा नवा करार ठेवला.

"त्यांच्या यंत्रानं आपल्या यंत्राला कळवलंय, ताई," तो हळूच म्हणाला. "सगळीकडेच कळवलंय."

सुलभाने करारावर अंगठा टेकवला.