मेलेला गडी

हुतुतूत वर्षानुवर्षं डोक्यावर आपटून आपटून सातपाटीच्या कमलाकांतचं भान गेलं. खेळ तेवढा डोक्यात उरला. जेवायला हाक मारली की तो उंबऱ्याबाहेर बसून म्हणायचा, "मी मेलेला गडी हाय. रेघेच्या आत कसा येऊ?"

मग त्याची बायको हिरा हुतुतूचा दम घुमवत जायची, शेजारच्या जिवलीला शिवून परत यायची. "एक मारला. ऊठ, झालास जिवंत." तो निमूट आत येऊन जेवायचा.

एकसष्टच्या श्रावणात हिरा तापाने गेली. अंगणात तिच्याभोवती माणसं बसली.

"हिरा मेली रे," जिवली त्याला म्हणाली.

कमलाकांतने छाती भरून दम घेतला. हुतुतू घुमवत तो एकेका रडणाऱ्याला शिवला आणि दम न सोडता हिरापाशी परतला.

"सगळे मारले, हिरा. ऊठ, झालीस जिवंत."